सॉफ्टवेअर वितरण, शासकीय

संगणकाच्या आज्ञावलीत केलेला बदल तो लिहिणाऱ्याच्या यंत्रापासून प्रत्यक्ष वापरातील यंत्रापर्यंत पोहोचविण्याच्या क्रमबद्ध कार्यपद्धतीस सॉफ्टवेअर वितरण असे म्हणतात. येथे वितरण याचा अर्थ विक्री किंवा वाटप असा नाही. एखादी आज्ञावली तयार होऊन वापरात आल्यावरही तीत सतत भर, दुरुस्त्या व फेरबदल होत असतात आणि असा प्रत्येक बदल लिहिणे, तपासणे, पारखणे, बांधणे व बसविणे या टप्प्यांतून जातो. या संपूर्ण प्रवासाचा येथे विचार केला आहे. बदल कोणी केला, तो दुसऱ्या कोणी तपासला आणि यंत्रावर चालणारी आज्ञावली ही तपासलेलीच आज्ञावली आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे केव्हाही पुराव्यानिशी देता येत असतील, तर ते वितरण सुरक्षित मानतात. पूर्वी सुरक्षेची तपासणी काम संपल्यावर शेवटी एकदा होई; आधुनिक पद्धतीत ती प्रत्येक टप्प्यात अंतर्भूत असते. विकसन, सुरक्षा व संचालन यांच्या या एकत्रीकरणास व्यवसायात ‘डेव्हसेकऑप्स’ हे जोडनाव रूढ आहे.

शासकीय कामात या पद्धतीचे महत्त्व अधिक असण्याची दोन कारणे आहेत. खाजगी सेवा सदोष निघाल्यास ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो, नागरिकाला मात्र दुसरे शासन उपलब्ध नसते. शिवाय शासकीय संगणकातून निघालेला कागद हा बहुधा कायद्याच्या दृष्टीने पुरावा असतो. महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी जमिनीच्या अधिकार अभिलेखात, म्हणजे सातबारा उताऱ्यात, सर्वांत स्पष्टपणे दिसतात.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील नांदगाव हा तालुका उदाहरणादाखल घेता येईल. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील नांदगाव हे त्याचे मुख्य ठिकाण असून मनमाड हे मोठे रेल्वे प्रस्थानक याच तालुक्यात आहे. तालुका अवर्षणप्रवण असून बाजरी, मका, कापूस व कांदा ही येथील मुख्य पिके होत. अशा प्रदेशात पेरणीपूर्वी पीककर्ज मिळणे न मिळणे, पीकविमा, दुष्काळी मदत, विहिरीसाठी अर्ज, भावाभावांतील वाटणी या सर्वांसाठी सातबारा लागतो. तो पूर्वी सज्जाच्या तलाठ्याच्या दप्तरातून हस्तलिखित मिळे. आता तो संकेतस्थळावर नाशिक विभाग, जिल्हा, तालुका व गाव निवडून घरबसल्या पाहता येतो. सोय निर्विवाद आहे. मात्र तलाठ्याच्या दप्तरातील चूक एका गावापुरती असे, तर आज्ञावलीतील चूक एका रात्रीत सर्व गावांत पोहोचू शकते.

फेरफाराची पद्धत : हस्तलिखित अभिलेखातही बदल सुरक्षितपणे कसा करावा, याची एक कसोशीची पद्धत होती व कायद्याने ती आजही कायम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १४९ नुसार जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची असते. कलम १५० नुसार तलाठी ती फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) लिहितो, तिची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत (गाव नमुना ६-अ) जाते. त्यानंतर मंडळ अधिकारी किंवा तत्सम वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर तिचा अंमल होतो. नोंद लिहिणारा व प्रमाणित करणारा भिन्न असावा, जुनी नोंद खोडून नाहीशी न करता कंस करून वाचनीय ठेवावी आणि प्रत्येक बदलास फेरफार क्रमांक असावा, हे या पद्धतीचे मर्म होय. कलम १५७ नुसार अशी प्रमाणित नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीररीत्या नवी नोंद होईपर्यंत, खरी असल्याचे गृहीत धरले जाते. हे गृहीतक या कार्यपद्धतीच्या बळावरच उभे आहे.

संगणकीकरणाने अभिलेख यंत्रावर गेला, तेव्हा या अभिलेखात बदल करू शकणारी एक नवी वाट निर्माण झाली, ती म्हणजे आज्ञावलीतील बदल. खातेदाराचे नाव बदलावयाचे तर वर्दी, नोटीस व प्रमाणन लागते. पण सर्व खातेदारांची क्षेत्रे मोजणारे सूत्र बदलावयाचे तर काय लागते, हा प्रश्न संहितेला ठाऊक नव्हता. सुरक्षित सॉफ्टवेअर वितरणाच्या पद्धती या प्रश्नाचे उत्तर होत, आणि त्या फेरफाराच्या जुन्या पद्धतीशी आश्चर्यकारक इतक्या जुळतात.

महाराष्ट्रातील संगणकीकरण : केंद्र शासनाचा राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला व २०१६ पासून तो डिजिटल इंडिया भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम म्हणून ओळखला जातो. महाराष्ट्रात जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमि अभिलेख, पुणे यांच्या नियंत्रणाखाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (स्थापना १९७६) पुणे येथील शाखेने ‘ई-फेरफार’ ही आज्ञावली तयार केली. ती दुय्यम निबंधकांच्या ‘आय-सरिता’ या दस्तनोंदणी प्रणालीशी जोडलेली असल्याने खरेदीखताची नोंदणी होताच त्याची माहिती फेरफारासाठी महसूल यंत्रणेकडे जाते. जुन्या संगणकीकृत नोंदी हस्तलिखितांशी ताडून पाहण्याचे मोठे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन होऊन सातबारे लोकांसमोर वाचून दाखविण्यात आले व हरकती घेण्यात आल्या. संगणकाच्या क्षेत्रात ज्याला वापरकर्त्याकडून होणारी स्वीकृती-चाचणी म्हणतात, तिचे इतके विस्तृत व इतके साधे उदाहरण क्वचितच आढळेल. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा आरंभ झाला.

या स्वाक्षरीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. डिजिटल स्वाक्षरीमुळे उतारा प्रणालीतून ज्या स्वरूपात बाहेर पडला त्याच स्वरूपात आहे, मध्ये कोणी खाडाखोड केलेली नाही, एवढेच सिद्ध होते. प्रणालीत जे साठविलेले होते ते बरोबर होते, किंवा ते छापणारी आज्ञावली निर्दोष होती, याची हमी ती देत नाही. चुकीच्या उताऱ्यावरही स्वाक्षरी तितकीच अचूक उमटते.

जुनी पद्धत : शासकीय संगणकप्रकल्प दीर्घकाळ इमारतीच्या ठेक्याप्रमाणे दिले जात. आरंभी गरजांचे जाडजूड टिपण, त्यावर निविदा, दोनतीन वर्षे काम, शेवटी चाचणी, सुरक्षा-लेखापरीक्षण आणि हस्तांतरण असा क्रम असे. भारतात शासकीय संकेतस्थळ सर्व्हरवर ठेवण्यापूर्वी सर्ट-इन या संस्थेच्या (स्थापना २००४) यादीतील लेखापरीक्षकाकडून प्रमाणपत्र घेण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. परंतु प्रमाणपत्र हे त्या दिवशीच्या आवृत्तीचे असते. पुढच्याच आठवड्यात शासननिर्णय निघून नमुना बदलतो, घाईने चार ओळी बदलल्या जातात आणि यंत्रावर चालू लागते ती प्रमाणित न झालेली आवृत्ती. बदल दुर्मिळ असतील तरच शेवटची एक तपासणी पुरेशी ठरते. महसुली कामात ते कधीच दुर्मिळ नसतात.

नवी पद्धत : या पद्धतीचा पाया म्हणजे आवृत्तींची नोंदवही. ‘गिट’ या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या साधनात आज्ञावलीच्या प्रत्येक ओळीतील प्रत्येक बदल, तो करणाऱ्याचे नाव, वेळ व कारण यांसह नोंदला जातो. मागील नोंद गुपचूप बदलल्यास पुढील सर्व नोंदींचे गणिती ठसे जुळेनासे होतात. बदल मुख्य प्रवाहात घेण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने तो वाचून संमती द्यावयाची असते. लिहिणाऱ्याला स्वतःचाच बदल मंजूर करता येऊ नये, अशी तांत्रिक अटच घातली जाते. तलाठी व मंडळ अधिकारी यांच्यातील श्रमविभागणी ती हीच. अर्थात मंडळ अधिकाऱ्याने न वाचता सही केली, तर दोन्ही ठिकाणी सारखाच अनर्थ होतो.

दुसरा आधार म्हणजे स्वयंचलित चाचण्या. प्रत्येक बदलाबरोबर शेकडो छोटी प्रमेये यंत्राकडून पडताळून घेतली जातात व एकही चुकल्यास बदल पुढे सरकत नाही. सातबाऱ्याच्या बाबतीत सर्वांत मूलभूत चाचणी म्हणजे खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राएवढी असणे. ती वाटते तितकी सोपी नाही. तीन भावांत १ हेक्टर जमिनीची समान वाटणी झाल्यास प्रत्येकास ३३ आर ३३ चौरस मीटर मिळतात. बेरीज ९९ आर ९९ चौरस मीटर होते व १ चौरस मीटर उरतो. आज्ञावलीने तो नाकारावा, थोरल्याला द्यावा की सामाईक ठेवावा, हा निर्णय संगणकतज्ञाचा नसून महसुली आहे. पण चाचणी लिहिताना तो विचारला गेला नाही, तर कोणीतरी कार्यक्रमक तो स्वतःच्या कल्पनेने घेऊन टाकतो. जुन्या नोंदींत हिस्से आणे-पैंत आणि क्षेत्रे एकर-गुंठ्यांत असत. १ गुंठा म्हणजे १ आर नव्हे, तर सु. १.०१ आर. गुंठ्याला आर धरल्यास ४० गुंठ्यांच्या एका एकरामागे सु. अर्ध्या आराची तूट येते.

नावांच्या बाबतीतही असेच घडते. ‘वऱ्हाडे’ यासारख्या नावातील अर्धा ‘ऱ’ युनिकोड या संकेतपद्धतीत दोन निरनिराळ्या प्रकारे साठविता येतो. पडद्यावर व कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणक त्यांना दोन भिन्न शब्द समजतो. परिणामी खातेदाराचे नाव उताऱ्यावर डोळ्यांना दिसते, पण शोध घेतल्यास सापडत नाही. मराठीतील चाचण्या मराठी जाणणाऱ्यानेच लिहावयास हव्यात, हे यावरून उघड होते. चाचण्यांसाठी खऱ्या खातेदारांचे मोबाइल क्रमांक व ओळखपत्रे वापरण्याची सवयही सोडावी लागते. त्यासाठी बनावट नमुना-गावे तयार करतात.

तिसरी बाब घटकांची. आजची कोणतीही आज्ञावली संपूर्णपणे स्वतःच्या हाताने लिहिलेली नसते. तीत इतरांनी लिहिलेले असंख्य तयार घटक असतात. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग-फोर-जे’ या अतिशय प्रचलित विनामूल्य घटकात गंभीर दोष उघडकीस आला. तेव्हा जगभरातील अनेक संस्थांना आपल्याकडे तो घटक आहे किंवा नाही, एवढेही सांगता येईना. औषधाच्या वेष्टनावर द्रव्ये छापतात तशी सॉफ्टवेअरची घटकसूची ठेवण्याची पद्धत यामुळे दृढ झाली. भारतात सर्ट-इनने अशा सूचीविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २०२४ मध्ये प्रसिद्ध केली.

घटक निर्दोष असले, तरी बांधणीच्या टप्प्यावर घात होऊ शकतो. अमेरिकेतील सोलरविंड्स या कंपनीच्या बांधणी-यंत्रणेत शिरून हल्लेखोरांनी तिच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा कोड मिसळला. कंपनीच्या खऱ्या स्वाक्षरीनिशी तो सु. १८,००० ग्राहकांपर्यंत गेला व त्यांत अमेरिकेचे शासकीय विभागही होते. डिसेंबर २०२० मध्ये हे उघड झाले. त्यानंतर मे २०२१ मध्ये निघालेल्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने तेथे शासनास सॉफ्टवेअर पुरविणाऱ्यांवर सुरक्षित विकसनाची बंधने घालण्याचा मार्ग आखला. बांधणी स्वतंत्र, बंदिस्त यंत्रावर करणे, परवलीचे शब्द व स्वाक्षरीच्या किल्ल्या आज्ञावलीत न लिहिणे आणि बसविण्यापूर्वी ठसा जुळवून पाहणे, ही त्यावरील नित्याची काळजी होय.

शेवटचा टप्पा बसविण्याचा. बदल सर्वत्र एकाच वेळी न बसविता आधी एका तालुक्यात, मग जिल्ह्यात व नंतर राज्यभर बसविला, तर दोषाची व्याप्ती मर्यादित राहते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीची एक सदोष सुधारणा जगभर एकदम गेल्याने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सु. ८५ लक्ष संगणक बंद पडले व विमानसेवा, रुग्णालये, बँका यांचे व्यवहार खोळंबले. दोष आढळताच पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्याची सोयही हवी. अभिलेखाच्या बाबतीत मात्र येथे एक मोठी अडचण आहे : आज्ञावली मागे घेता येते, तिने दरम्यान लिहिलेल्या नोंदी आपोआप मागे जात नाहीत. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या आवृत्तीने लिहिली, हे साठवून ठेवणे अगत्याचे ठरते.

हंगामाशी बांधलेल्या कामात परतण्यास अवधीही नसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र व नोंद पाठवितो आणि ती गाव नमुना १२ मध्ये जाते. येथे आज्ञावली लाखो हातांत, निरनिराळ्या जुन्यानव्या मोबाइलवर, संपर्क नसलेल्या शिवारात चालावयाची असते. जुनी आवृत्ती बंद करून नवी सक्तीची केल्यास संपर्काअभावी ती न घेऊ शकणारा शेतकरी नोंदीबाहेर राहतो. २०२३ मध्ये १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्यास राज्य शासनाने क्विंटलमागे ३५० रु. प्रमाणे, २०० क्विंटलांच्या मर्यादेत, अनुदान दिले. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची ई-पीक पाहणीतील नोंद मागण्यात आली. नांदगाव व मनमाड येथील बाजार समित्यांत कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मोबाइलवरील त्या नोंदीचे मोल कमाल ७०,००० रु. होते. अनेकांची नोंद नसल्याने पुढे गावपातळीवरील पडताळणीचा मार्ग काढावा लागला. नोंद न होण्याची कारणे अनेक असतात व ती सर्व तांत्रिक नसतात. परंतु नोंद का झाली नाही हे सांगू शकणारी नोंदवही प्रणालीतच नसेल, तर दोष नेहमी शेतकऱ्याच्या माथी जातो.

ब्रिटनमधील होरायझन प्रकरण : ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनच्या टपाल कार्यालयांत १९९९ पासून बसविलेल्या ‘होरायझन’ या हिशेबप्रणालीतील दोषांमुळे शाखांच्या हिशेबात नसलेल्या तुटी दिसू लागल्या. शाखाचालकांनी तक्रारी केल्या, पण यंत्र चुकत नाही असे धरून १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जणांना चोरी व खोट्या हिशेबासारख्या गुन्ह्यांत दोषी ठरविण्यात आले. अनेकांना कारावास घडला, काहींचे दिवाळे निघाले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष असल्याचा, तसेच शाखेच्या हिशेबात चालकाला न कळता दुरून बदल करता येत असल्याचा निर्वाळा दिला. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. संगणक बरोबर चालतो असे गृहीत धरण्याचा तेथील पुराव्याच्या कायद्यातील संकेत या अनर्थाच्या मुळाशी होता. महसूल संहितेच्या कलम १५७ मधील गृहीतक वेगळ्या स्वरूपाचे असले, तरी संगणकीकृत अभिलेखास ते लावताना हे प्रकरण विसरून चालणार नाही.

भारतातील स्थिती : २०१५ मध्ये केंद्र शासनाने शासकीय कामात मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचे व शासकीय आज्ञावलींचा कोड सहकार्यासाठी खुला करण्याचे धोरण जाहीर केले. मे २०२० मध्ये आरोग्य सेतू या ॲपचा कोड खुला करण्यात आला, तो मुख्यतः गोपनीयतेविषयीच्या टीकेनंतर. एप्रिल २०२२ च्या निदेशांनुसार संगणकीय सुरक्षेचा भंग झाल्यास सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळविणे बंधनकारक झाले. तंत्राची उणीव त्यामानाने कमी आहे. खरी अडचण ठेक्याच्या स्वरूपात आहे. निविदेत देयक हस्तांतरणास जोडलेले असते, चाचण्या लिहिण्यास किंवा घटक अद्ययावत ठेवण्यास नव्हे. ठेकेदार बदलला की आवृत्तींची नोंदवही त्याच्याबरोबर जाते आणि विभागाकडे केवळ चालती आज्ञावली उरते. कोड, त्याचा संपूर्ण इतिहास, चाचण्या व घटकसूची ही विभागाची मालमत्ता राहील, अशी अट करारात घालणे हा यावरील अगदी साधा, पण सहज राहून जाणारा उपाय होय. तलाठ्याची (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) डिजिटल स्वाक्षरीची किल्ली कामाच्या रेट्यात मदतनिसाच्या हाती राहिली, तर वरील सर्व व्यवस्थेची कडी शेवटच्या दुव्यातच निखळते. ती जपण्यासाठी सज्जाच्या गावी पुरेसे मनुष्यबळ व चालते जाळे लागते.

दोष आढळल्यावर अभिलेख दुरुस्त कसा करावा, हा भाग अद्याप अपुरा आहे. लेखनप्रमादाची दुरुस्ती संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने होते. ही तरतूद एकेका नोंदीसाठी आहे. प्रत्येक प्रकरणी अर्ज, हस्तलिखिताशी पडताळणी, हितसंबंधितांस नोटीस व आदेश असा तिचा क्रम आहे. आज्ञावलीच्या एका आवृत्तीने एकाच दिवशी अनेक गावांतील उतारे बिघडविल्यास, त्या आवृत्तीने स्पर्श केलेल्या नोंदींची यादी काढून शासनाने स्वतःहून प्रत्येक खातेदारास कळवावे, की खातेदाराच्या लक्षात येईपर्यंत थांबावे, हे व्यवहारात त्या यादीच्या उपलब्धतेवर ठरते. यादी उपलब्ध नसल्यास नांदगावच्या शेतकऱ्याला चूक कळते ती बहुधा कर्जाच्या अर्जावर बँकेने शेरा मारल्यावर, आणि तोवर पेरणीचे दिवस गेलेले असतात.